बरोबर आहे तुमचं, बघतो

पॉलिशकाकांबद्दल आमच्या गल्लीत अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं, की त्यांनी एक ट्रॅक्टर चोरला, वर्षानुवर्षं शेडमध्ये लपवून ठेवला आणि शेवटी इंटरनेटवर पकडले गेले तेव्हा चारचौघांत लेखी कबुली दिली. कोपऱ्यावरचा न्हावी तर हे सांगताना कात्री थांबवतो. "लेखी, हां," म्हणतो, "कुणी दांडकं घेऊन मागे लागलं नव्हतं. आपणहून."

यातलं चोरीचं साफ खोटं आहे. लेखी कबुलीचं मात्र खरं आहे.

पॉलिशकाका माझे थोरले काका. जन्मभर त्यांनी गाड्या रंगवल्या. ठोकलेली गाडी डेंटरनं सरळ केली, की तिची कातडी काकांच्या ताब्यात. आधी पुट्टी, मग वॉटर पेपर, मग प्रायमर, परत वॉटर पेपर, आणि मग रंगाचे तीन हात. प्रत्येक हात झाला की डोळे मिटून तळवा फिरवायचे. एखादा कण जरी लागला तरी चेहरा असा व्हायचा, जणू भातात खडा लागला. मग परत घासायचं. डेंटर कुरकुरायचा, "अहो, गाडी आहे ती, आरसा नाही." काका म्हणायचे, "मग आरसा का नको?"

गिऱ्हाइकांशी वागायची त्यांची एक रीत होती. माणूस कितीही वाकडं बोलू दे, आधी म्हणायचं, "बरोबर आहे तुमचं, बघतो." एकजण यायचा, नाक वर करून, "हा दरवाजा जरा वेगळा दिसतोय." "बरोबर आहे तुमचं, बघतो." तेवढ्यानं गिऱ्हाइकाची हवा निघायची. मग काका गाडी सावलीतून उन्हात काढायचे, दरवाजाचा रंग होता तसाच जुळून यायचा, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "हां, आता कसं!" काका मान डोलवायचे. घरीही तेच. काकू कधी कडाडली, "तुमच्या त्या थिनरच्या वासात माझं आयुष्य गेलं!" की आतून आवाज यायचा, "बरोबर आहे तुझं, बघतो." घरी काही उन्हात काढता येत नसे, पण काकू हसायची.

आता ट्रॅक्टर. एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागे, कमरेइतक्या गवतात तो उभा होता. काका तिथल्या मालकाची जीप रंगवायला गेले होते. मालक म्हणाला, "नेत असाल तर उपकार होतील, त्यात साप राहतात." काकांनी आपल्या जिवलग दोस्ताला, फिटरला, बोलावून आणलं. फिटर वाकून खालून बघत राहिला. उठला तेव्हा त्याच्या कपाळाला माती होती. "एका सिलिंडरचा आहे रे," म्हणाला. "असले आता उरलेले नाहीत." बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. तो सुरू करायचा म्हणजे सोहळाच. पुढच्या लोखंडी डोक्याखाली ब्लोलँप लावायचा, ते लाल होईपर्यंत थांबायचं, मग स्टिअरिंगचं चाक उपसून काढायचं, बाजूच्या चाकात खोचायचं आणि अंगातलं सगळं बळ काढून झटका द्यायचा.

इंजिन फिटरचं, अंग काकांचं, अशी वाटणी झाली. त्यांचे सगळे रविवार त्या शेडमध्ये गेले. काकूनं त्या ट्रॅक्टरला 'आजोबा' नाव ठेवलं, कारण, "दिवसभर बसून असतात, सगळ्यांकडून करून घेतात, आणि उठले की धूर." फिटरनं आजोबांचा ठोका इतका संथ लावला होता, की प्रत्येक ठोक्यानंतर वाटायचं, गेला, संपला. ढब्. आणि मग माणूस चहाचा घोट घेईपर्यंत काहीच नाही. आणि मग परत, ढब्. लोक दचकून इंजिनाकडे बघायचे. फिटर आकाशाकडे बघायचा. माझ्या सगळ्या नकलांत हा ठोका माझी खासियत. गालात हवा धरून, छातीवर मूठ मारून मी तो असा काढते, की मांजर ओट्याखाली जाते.

आणि अशाच एका रविवारी, फिटर नट आणायला गेलेला असताना, काकांनी तो घोळ केला. इंजिनाच्या कुशीला एक सपाट जागा होती. तिथे गंज होता, खड्डे होते आणि खड्ड्यांत ठोकलेले काही आकडे. रंगाऱ्याच्या नजरेला आकडे म्हणजेही खड्डेच. काकांनी ग्राइंडर लावला, मग एमरी पेपर, मग बारीक एमरी. लोखंड काचेसारखं झाल्यावर वर पुट्टीचा हात मारला, पुढे काही राहू नये म्हणून. फिटर आला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"अरे, तो इंजिनाचा नंबर होता!"

"कसला नंबर? खड्डे होते."

"माणसाचं नाव-गाव घासून टाकलंस तू!" मग हसायलाच लागला. "जाऊ दे. आपल्याला कुठे विकायचाय?"

या वाक्यावर पुढे सगळं फिरलं.

कारण पुढे काकांची छाती फुंकणीसारखी वाजायला लागली. इतक्या वर्षांचा फवारा, तोंडाला नुसता रुमाल. डॉक्टरनं सांगितलं, रंग बंद. धंदा बसला. फिटर एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही. आणि शेडच्या मालकानं निरोप धाडला, की जागा रिकामी करा, इथे गोडाऊन होणार. काका-काकूचं घर वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं. आजोबांना जिन्यानं नेता येत नव्हतं. भंगारवाला एकदा येऊन, टायरला लाथ मारून गेला होता. म्हणाला, "कटर घेऊन येतो. संध्याकाळपर्यंत जागा मोकळी."

काकांचं म्हणणं एवढंच होतं, की कुणीतरी न्यावा आणि चालवावा. शोभेला नको, तुकडे करायला नको. "फिटरचा ठोका आहे तो," म्हणाले. "त्याचं बाकी काय राहिलंय?" फिटरला ना बायको ना मूल, एक फोटो होता तोही हललेला.

मग जुन्या यंत्रांच्या शौकिनांचा एक ऑनलाइन ग्रुप सापडला. जाहिरात काकांनी सांगितली, काकूनं एका बोटानं टाइप केली: 'आजोबा विकणे आहे. चालू स्थितीत. थोडा धूर.' खाली पहिली प्रतिक्रिया आली, 'आजीपण देणार का?' काकूला ती आवडली. त्यानंतर आवडण्यासारखं काही आलं नाही.

काकांना आता फोनवरचं बारीक दिसत नसे, म्हणून प्रतिक्रिया काकू वाचून दाखवायची. काकूचं वाचन हा ऐकायचाच प्रकार. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी त्या सुरात ती शिव्याही वाचते, आणि चित्रंही सोडत नाही.

"'हा ट्रॅक्टर आहे की केक,' प्रश्नचिन्ह. हसणारं तोंड, हसणारं तोंड, डोळ्यातून पाणी येऊन हसणारं तोंड."

"बरोबर आहे त्यांचं," काका म्हणायचे. "चकाकी जरा जास्तच झाली. लिही, बघतो म्हणावं."

"'रंगाऱ्याच्या हातात इतिहास दिला की असं होतं.' अंगठा खाली. 'मालकाला फाशी द्या.' त्यावर कुणीतरी बदाम टाकलाय."

"लिही, बरोबर आहे तुमचं, बघतो."

"अहो, फाशीचं काय बघणार तुम्ही?"

"असं तोंडावर नाही कसं म्हणायचं? गिऱ्हाईक आहे."

सगळ्यांत जहरी होता तो 'गंजसम्राट'. ग्रुपमध्ये त्याचा शब्द शेवटचा. तो बोलला, की बाकीचे मागून अंगठे घेऊन धावायचे. त्यानं लिहिलं, 'गंज हे यंत्राचं चारित्र्य आहे. या गृहस्थांनी ते धुऊन काढलं.' मी त्याच्यासाठी एक आवाज बनवला होता, पोटातून येणारा, प्रत्येक शब्दाआधी घसा खाकरणारा, सिनेमातल्या सावकारासारखा. मी तो काढला, की काका हसता हसता खोकायचे आणि काकू माझ्या पाठीत धपाटा घालायची, "त्यांचा जीव घेशील!"

पण एक माणूस चांगला भेटला. एका लाकडाच्या वखारीचा मालक. त्यानं थेट फोन केला. त्याच्याकडे लहानपणी असाच ट्रॅक्टर करवत फिरवायचा. काकांनी डेंटरकडून आजोबा सुरू करवले, फोन इंजिनाजवळ धरला आणि ठोका ऐकवला. मग वखारवाले म्हणाले, "हा असा कुणी लावला हो?" काकांनी फोन काकूपुढे धरला. काकूनं फोन घेतला आणि सगळं ठरवलं. वखारवाले ट्रक घेऊन येणार होते. वखारीत तो रोज चालणार होता.

मधल्या दिवसांत कुणीतरी ग्रुपवर लिहिलं, 'नंबर दिसत नाही. घासलेला वाटतो. चोरीचा माल असणार.'

काकूनं ते औषधाच्या सुरात वाचलं. काका त्या वेळी खुशीत होते. वखारवाल्यांसाठी आजोबांचे दिवे पुसत होते. मान वरही न करता म्हणाले, "लिही, बरोबर आहे तुमचं, बघतो. नंबर मीच घासला."

आणि काकूनं लिहिलं. ती शब्दाला पक्की. सांगितलं तेवढंच लिहिते, तेही न चुकता.

संध्याकाळपर्यंत त्या वाक्याचा फोटो काढून लोकांनी कुठल्या कुठे पोचवला. 'मालकाची कबुली,' असं वर लाल अक्षरांत. काकू हादरली. तिनं सावरायला म्हणून लिहिलं, 'ते सगळ्यांनाच असं म्हणतात. त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका.' खाली प्रतिक्रिया आल्या: 'बायकोही म्हणते, माणूस भरवशाचा नाही.' हसणारं तोंड, हसणारं तोंड, हसणारं तोंड.

"काका, लिहा ना सरळ, की चोरला नाही!" मी ओरडले.

"लिहिलं असतं गं. पण नंबर घासला हे खरंच आहे ना."

"पण चोरीचं खोटं आहे! आज भट्टीचे मालक हयात असते तर त्यांनीच सांगितलं असतं!"

"त्यानं दोन्ही एकदमच लिहिलं होतं," काका म्हणाले. "मी आधी घासल्याचं उत्तर दिलं."

वखारवाल्यांचा निरोप छोटा होता. त्यांच्याच भाषेत सांगायचं तर, 'माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण घरचे ऐकत नाहीत. बिननंबरी वस्तू दारात नको म्हणतात. माफ करा.' काकूनं तो वाचला आणि पहिल्यांदाच तिचा औषधाचा सूर मोडला. काका म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." ग्रुपवाल्यांनी जाहिरात काढून टाकली. शेडच्या मालकाचा माणूस येऊन भिंती मोजून गेला.

मग काकांनी एकच गोष्ट स्वतःहून केली. गंजसम्राटाला निरोप पाठवला: 'एकदा या. हात लावून बघा. मग काय हवं ते बोला. चहा मिळेल.' मी म्हटलं, असली माणसं हाडामांसाची नसतातच, ती नुसती फोनमध्ये राहतात. काका म्हणाले, "येईल. जो इतकं बारीक बघतो तो येतोच."

आणि तो आला. दोन बस बदलून, हातात डबा आणि छत्री. चिपाड माणूस, शर्टाची वरची गुंडी लावलेली. मी सावकाराच्या आवाजाची वाट बघत होते, आणि त्यानं तोंड उघडलं तर आवाज कसा, दाराची कडी हळूच वाजवावी तसा. "येऊ का मी आत? चपला कुठे काढू?" शेडमध्ये चपला! कुठल्याशा कचेरीत बाहेर जाणाऱ्या टपालावर शिक्के मारण्यात त्याचा जन्म गेला होता.

काकूनं चहा दिला आणि विचारलं, "तुमच्याकडे किती आहेत हो असले?"

"माझ्याकडे?" तो ओशाळला. "एकही नाही. चौथ्या मजल्यावर राहतो मी. कुठे ठेवू?"

काकू त्याच्याकडे बघतच राहिली. तिनं मनात त्याच्यासाठी जे काही साठवून ठेवलं होतं, ते सगळं तिथेच विरघळलं असावं, कारण तिनं त्याला आणखी चहा ओतला.

त्यानं खिशातून रुमालात बांधलेलं लोहचुंबक काढलं आणि आजोबांच्या अंगावरून फिरवत गेला. पुट्टी असेल तिथे चुंबक ढिलं पडायचं, आणि तो "च्" करायचा, जणू काकांना नाही, आपल्यालाच दुखलं. मग काकांनी ब्लोलँप लावला, डोकं लाल केलं. झटका मारायचं बळ आता त्यांच्यात नव्हतं, शेजारचा डेंटर आला आणि त्यानं मारला. ढब्. आणि काही नाही. आणि ढब्.

गंजसम्राट शेडच्या खांबाला टेकला. "खरा आहे," म्हणाला. "मी याची चित्रंच बघत आलो. खरा आहे हो."

"मग लिहा ना तसं!" काकू म्हणाली.

त्यानं तिथल्या तिथे लिहिलं. काकूनं उत्तरं वाचली. "'तुम्हालाही गुंडाळलं का,' हसणारं तोंड. 'सम्राट विकले गेले.' हसणारं तोंड, हसणारं तोंड." त्यानं फोन खिशात टाकला. त्याचे कान लाल झाले होते. आपल्याच पंगतीतल्यांनी आपल्याला कसं उठवलं, हे त्याला कळत नव्हतं. पण मग तो सपाट जागेपाशी वाकला. "आकडे ठोकलेले असतात," म्हणाला, "खोल. कितीही घासलं तरी एखाद्याची रेघ राहते. एक आकडा दिसू दे. अर्धा दिसू दे. मी त्याचा फोटो घेऊन स्वतः वखारवाल्यांकडे जातो. जुन्या याद्यांशी जुळवून देतो. मग कुणाचं काही चालणार नाही."

काकांनी त्या जागेवरचा रंग फडक्यानं पुसला. मी मात्र उडी मारली. "राहिला असणार! काका, पैज. एक तरी रेघ निघणार."

"कशाची पैज?"

"रेघ निघाली तर पुढच्या वेळी आजोबांना झटका मी मारणार. नाही निघाली तर महिनाभर नक्कल बंद. कुणाचीच नाही. माणसाची नाही, मांजराची नाही, आजोबांचीसुद्धा नाही."

"देवा," काकू म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा मला वाटतंय की हिनं जिंकावं."

"माझ्या हातून राहत नाही गं," काका म्हणाले. त्यात ऐट नव्हती. आपलं दुखणं सांगावं तसं म्हणाले. "लाव पैज. देव करो आणि मी हरो."

त्यांनी पत्र्याची पट्टी घेतली आणि आपला रंग खरवडायला सुरुवात केली. आधी वरचा हात निघाला, मग खालचा, मग प्रायमर, मग पुट्टीचे कपचे. प्रत्येक थराला ते क्षणभर थांबत होते, आणि छाती वाजत होती. मग थिनरचं फडकं फिरवलं. डेंटरनं दिवा धरला. आम्ही सगळे वाकलो, पण काकांनी डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अंगठा कुठेही अडला नाही. परत आडवा फिरवला. मला तेव्हाच कळलं.

डोळे उघडून त्यांनी दिवा जरा तिरका केला. "बघा," म्हणाले. गाडी तयार झाली, की गिऱ्हाइकाला म्हणायचे ना, त्याच आवाजात.

लोखंडावर रेघ तर सोडा, रेघेचा भासही नव्हता. त्यात दिवा दिसत होता आणि दिव्याच्या कडेला गंजसम्राटाचा चष्मा.

"फारच साफ घासलंय हो," गंजसम्राट म्हणाला.

"बरोबर आहे तुमचं," काका म्हणाले.

आम्ही पुढच्या शब्दासाठी थांबलो. काकू तर त्यांच्या तोंडाकडेच बघत होती. तो शब्द आला नाही.

भंगारवाला आला तेव्हा काकांनी त्याला दारातच थांबवलं. रंगावर कटर चालवला तर विषारी धूर निघतो, कटरवाल्याच्या छातीचं वाटोळं होतं, म्हणून त्यांनी आधीच बसून आजोबांच्या अंगावरचा सगळा रंग काढला होता, आणि जिथे राहिला होता तिथे खडूनं खूण केली होती. कटरवाला म्हणाला, "काका, असं कुणी करत नाही." गंजसम्राटाला काकूनं कळवलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही. नंतर कळलं, त्यानं तो ग्रुपच सोडला होता.

संध्याकाळी शेडमध्ये फक्त तेलाचा डाग उरला. काका उलट्या डब्यावर बसले होते. काकू झाडू घेऊन आली आणि न झाडताच उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ए, तो काढ ना तू. त्याचा आवाज."

मी गालात हवा भरली, छातीवर मूठ आणली.

"अं हं," काका म्हणाले. "पैज हरलीयस तू."

मी हवा सोडून दिली.